वेळासचा काळोख

सावित्री नदी बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेस रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर, तर दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील बाणकोट आणि त्याच्या डोक्यावरचा हिम्मतगड. किल्ला मागे टाकून समुद्राच्या कडेने जाणाऱ्या अरुंद रस्त्याने थोडे पुढे गेले की वेळास लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाची कौलारू घरे, घरांमधून वळत जाणाऱ्या पाखाड्या आणि वाड्यांच्या पलीकडे वाळूचा लांब, मोकळा पट्टा. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. मात्र गेल्या सुमारे वीस वर्षांत मुंबई-पुण्याची कुटुंबे या आडवाटेच्या गावी येतात ती नानांसाठी नव्हे. फाल्गुन-चैत्रातील सकाळी वाळूतून बाहेर पडणारी, तळहाताएवढीही नसलेली कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावीत, एवढ्यासाठी ती येतात.

पाहुण्यांना दिसतो तो या कथेचा शेवटचा, उजेडातला भाग. तिचा आरंभ त्याच्या दीड-दोन महिने आधी, नोव्हेंबर ते मार्च या काळातील एखाद्या रात्री झालेला असतो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी भरतीबरोबर किनाऱ्याला लागते. वजन साधारण पस्तीस-चाळीस किलो. पाण्यात चपळ, पण वाळूवर प्रत्येक हात पुढे टाकताना धापा टाकणारी. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे लाटेचे पाणी पोहोचत नाही अशी कोरडी वाळू ती शोधते. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुरईच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. मग वाळू लोटून, शरीर दोन्ही बाजूंनी आपटत ती जागा चोपून काढते आणि तासाभरात समुद्रात परतते. पिल्लांशी तिची पुन्हा भेट होत नाही. सकाळी वाळूवर उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला तिचा माग.

श्वेतांबर आगमांतील ज्ञाताधर्मकथेत कूर्म नावाचे एक अध्ययन आहे. संध्याकाळी डोहातून दोन कासवे चाऱ्यासाठी काठावर येतात. दोन कोल्हे त्यांना हेरतात. कासवे पाय आणि मान कवचात ओढून घेतात. कोल्हे नखांनी, दातांनी प्रयत्न करून थकतात आणि आडोशाला दबा धरून बसतात. एक कासव अधीर होऊन एकेक पाय बाहेर काढते आणि प्राणास मुकते. दुसरे निश्चल राहते, दीर्घकाळ वाट पाहते, चहूकडे बघून मगच वेगाने पाण्याकडे जाते आणि वाचते. इंद्रियांचे गोपन कसे करावे यासाठी हा दृष्टांत प्रवचनांतून सांगितला जातो.

वेळासच्या वाळूवर हा दृष्टांत आठवला की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. समुद्री कासवाला आपले अवयव कवचात ओढून घेता येत नाहीत. पोहण्यासाठी त्याचे पाय वल्ह्यांसारखे लांब झाले, कवच चपटे झाले, आणि गोड्या पाण्यातील भाईबंदांकडे असलेले हे संरक्षण त्याच्याकडे राहिले नाही. अंडी घालू लागलेली मादी तर जागची फारशी हलतही नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कोल्हे आजही आहेत आणि वाळू उकरून ते अंडी खातात. त्यांच्या जोडीला गावातील मोकाट कुत्री आहेत. परंतु कोल्हा आणि कासव यांचा हा व्यवहार फार जुना आहे. हजारो अंड्यांतून एखादेच पिल्लू प्रौढ होईल, हा हिशेब निसर्गाने आधीच मांडलेला आहे. तो हिशेब मोडला माणसाने.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत या किनाऱ्यावर आले होते. वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा समजले की सकाळी माग पाहून घरटे शोधायचे आणि सगळी अंडी उकरून न्यायची, ही सवय अंगवळणी पडलेली आहे. काही खाल्ली जातात, काही विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा अपराध ठरतो, हे पुष्कळांना ठाऊकही नव्हते. संस्थेने पोलीस आणले नाहीत. ज्यांना माग ओळखता येतो त्याच माणसांना घरटी राखण्याचे काम आणि त्याचा मोबदला देऊ केला. अंडी अलगद काढून, किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात, तेवढाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची, तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी लावायची आणि दिवस मोजायचे. अंड्यांची चोरी करणारी नजरच पहारेकरी झाली. पुढे या माणसांना कासवमित्र म्हणू लागले.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. त्यात गावाने दाखवलेली व्यवहारबुद्धी व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मोठे हॉटेल आले नाही; गावकऱ्यांनी आपल्या पडव्या आणि माजघरे पाहुण्यांसाठी उघडली. उकडीचे मोदक, आंबोळी, सोलकढी असे घरचे जेवण घरातील स्त्रिया रांधतात आणि त्याचे पैसे त्याच घरात राहतात. एका घरट्यातील अंडी विकून जेवढे मिळत असेल, त्याच्या कित्येक पटींनी अधिक उत्पन्न तीच अंडी वाळूत राहिल्याने गावाला मिळू लागले. पुढे आंजर्ले आणि इतर गावांनीही ही वाट धरली. आज वनविभाग आणि त्याचा कांदळवन कक्ष यांच्या आधाराने रायगडपासून वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत अनेक किनाऱ्यांवर घरटी राखली जातात. मुंबईत, स्वच्छ झालेल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरसुद्धा मार्च २०१८ मध्ये पिल्ले दिसली.

जैन परंपरेला कासव परके नाही. शास्त्रांत जलचर पंचेंद्रियांची गणना होते तेव्हा मत्स्य, कच्छप, ग्राह, मकर आणि सुंसुमार अशी नावे येतात. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत स्वामींचे लांछन कासव आहे. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील त्यांचे मंदिर कोकण शत्रुंजय म्हणून प्रसिद्ध आहे, आणि मराठवाड्यात पैठणच्या दिगंबर अतिशय क्षेत्रातील त्यांची श्यामवर्ण मूर्ती तर वालुकेची मानली जाते. ठाण्याच्या मंदिराशी श्रीपाल राजाची कथा जोडलेली आहे. श्रीपालच्या संपत्तीचा लोभ धरून धवल शेठ त्याला भर समुद्रात ढकलतो, आणि नवपदाचे स्मरण करणारा श्रीपाल एका जलचराच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्याला सुखरूप लागतो. चैत्रातील आयंबिल ओळीत ही कथा घरोघरी वाचली जाते. त्याच दिवसांत, त्याच कोकणात, त्या मोसमातील उशिराची घरटी फुटत असतात. अनेक पेढ्यांच्या गल्ल्यावर शुभचिन्ह म्हणून पितळी कासव ठेवलेले दिसते. त्याच्या जिवंत भाईबंदांची वार्ता मात्र पेढीपर्यंत क्वचितच पोहोचते.

याचे एक कारण असे की जीवदयेचा रूढ ओघ ज्यांना काही खाऊ घालता येते अशा जीवांकडे वाहतो. पांजरपोळात चारा देता येतो, पाखरांना दाणा टाकता येतो. समुद्री कासवाला माणसाच्या हातून काहीही नको असते. त्याला हवी असते भरतीरेषेच्या वरची थोडी कोरडी वाळू, आणि तिच्यावरचा काळोख. नेमक्या याच दोन गोष्टींना आता बाजारात भाव आला आहे.

वेळासहून दक्षिणेकडे केळशी, आंजर्ले, मुरुड, कर्दे असे किनारे लागत जातात, आणि प्रत्येक वळणावर भूखंड विक्रीचे फलक दिसतात. समुद्र दिसणारी जागा, बिनशेती परवाना तयार, आठवडाअखेरच्या घरासाठी उत्तम. रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग आणि त्यावरील खाड्यांचे पूल झाले की मुंबईचे अंतर आणखी कमी होईल, हा हिशेब जमिनीच्या दरांत आधीच धरलेला आहे. कोकणी माणसाला रस्ता, दवाखाना, रोजगार हवा, यात गैर काही नाही. दुर्गमतेचे दुःख शहरी निसर्गप्रेमीने त्याला शोभा म्हणून सांगू नये. तथापि किनाऱ्यालगत घर बांधणारा प्रत्येक जण तीन गोष्टी बरोबर आणतो: दिवे, भिंत आणि वाहन.

दिव्यांचे नुकसान सर्वांत कमी लक्षात येते. पिल्ले बहुधा वाळू निवल्यावर, रात्री किंवा पहाटे वर येतात. समुद्र कोणत्या बाजूला आहे हे सांगायला त्यांची आई तिथे नसते. क्षितिजाची जी बाजू अधिक उजळ, तिकडे ती निघतात. चंद्र-चांदण्यांचा प्रकाश पाण्यावर पडलेला असतो आणि जमिनीकडचा झाडोरा काळा असतो, म्हणून माणूस आला नव्हता तोवर उजळ बाजू ती समुद्राचीच असे. किनाऱ्यामागे एका उपाहारगृहाचा प्रखर पांढरा दिवा लागला की ही खूण खोटी ठरते. पिल्ले दिव्याकडे चालू लागतात, वाळूत भटकून थकतात, आणि उजाडताच कावळे, कुत्री आणि ऊन त्यांचा ताबा घेतात. मोठी मादी तर झगमगणारा किनारा पाहून कित्येकदा पाण्याबाहेर येतच नाही. हा जीव दिव्याने मारला, अशी नोंद कुठे होत नाही. घरटी नुसती कमी दिसू लागतात.

भिंतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. कोकणात समुद्र जमीन खात आहे. ज्याच्या वाडीतील माड डोळ्यांदेखत लाटांत कोसळतात, त्याने धूपप्रतिबंधक बंधारा मागितला तर कासवाचे कारण सांगून त्याला गप्प बसवता येत नाही. पण दगडांचा असा बंधारा मादीला ओलांडता येत नाही, हेही खरे. त्यावर आपटणारी लाट पुढची वाळू ओढून नेते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. मग शेजारच्या गावालाही बंधारा हवा होतो. वारा अडवण्यासाठी लावलेल्या सुरूच्या बनांनीही काही ठिकाणी कोरड्या वाळूचा पट्टा व्यापला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकले, तेव्हा दापोली-मंडणगडातील माड-पोफळींबरोबर हे सुरूही मोठ्या संख्येने आडवे झाले. वाळूचा उंचवटा आणि त्यावरची समुद्रवेल, मर्यादवेल यांसारखी सरपटणारी झाडे लाटांना पुष्कळ अंशी थोपवतात. ती मात्र बांधकामाआधी जागा साफ करताना पहिल्या दिवशीच निघतात.

कायदा नाही असे नाही. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. ती २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने आली. कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून बांधकामास मनाई असलेले अंतर ५० मीटरवर आले. विरळ वस्तीच्या गावांत ते २०० मीटर राहिले. मात्र या पट्ट्यात पर्यटनासाठी तात्पुरती बांधकामे भरतीरेषेपासून १० मीटर सोडून करण्यास वाव आहे. झावळ्यांची खोपटी आणि लाकडी मंच पावसाळ्यात उतरवले की कायद्याच्या दृष्टीने काही उरत नाही. परंतु ती उभी असतात ते महिने आणि कासवांच्या विणीचे महिने एकच.

गोव्यात हे चित्र पुढच्या टप्प्यावर पाहायला मिळते. तेथे मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांसाठी म्हणून ओळखले जातात. काणकोण तालुक्यातील गालजीबाग अजून बराच शांत आहे. मोरजी-मांद्रेच्या मागे मात्र शॅक, उपाहारगृहे आणि रात्रीचे संगीत उभे राहिले. तरीही कासवे येतात, आणि वनखात्याचे रक्षक घरटी हुडकून कुंपणात हलवतात. घरटी वाढल्याच्या बातम्याही येतात आणि त्यात रक्षकांच्या कष्टाचा मोठा वाटा आहे. परंतु हलवलेले घरटे हे रुग्णशय्येवरच्या माणसासारखे असते. तो जगला याचा आनंद करावा, पण तेच त्याचे घर असे म्हणू नये.

हे कोकणातील कुंपणांनाही लागू आहे. अंड्यातून नर निपजेल की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते: उष्ण वाळूत माद्या अधिक, थंड वाळूत नर अधिक, आणि फार तापली तर पिल्ले आतच मरतात. एकाच कुंपणात शेकडो अंडी ठेवली की त्या जागेची सावली, ओल आणि खोली माणसाने सांभाळावी लागते. महोत्सवातील गर्दीचेही तसेच. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते; सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात आणि पिल्ले निघाली असतील तर दोरीच्या आड उभ्या असलेल्या पाहुण्यांसमोर ती वाळूवर सोडतात. दोरीपलीकडे पाऊल टाकू नये, पिल्लू हातात घेऊ नये, छायाचित्रासाठी प्रकाश पाडू नये, हे कासवमित्र पुनःपुन्हा सांगतात. तरी टोपली रिकामी निघाली की काही पाहुणे पैसे फुकट गेल्यासारखा चेहरा करतात. म्हणून जिथे कोल्हे, कुत्री आणि भरतीचे पाणी यांपासून धोका कमी, तिथे घरटे मूळ जागीच जाळी लावून राखावे, हा मार्ग आता अधिक योग्य मानला जातो. त्यासाठी अर्थातच मूळ जागा शिल्लक हवी.

ही वाळू केवळ कोकणचीही नाही. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था, वनविभाग आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले. तिचे नाव ठेवले प्रथमा. मागोमाग आंजर्ले आणि गुहागर येथील कासवांवरही यंत्रे बसली. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याहून नवलाची घटना जानेवारी २०२५ मधील. गुहागरला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची खूण सापडली. ती २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे निराळी, असा जो समज होता त्याला या एका मादीने, सुमारे ३५०० किलोमीटरचे अंतर तोडून, धक्का दिला.

एवढ्या वाटेवर तिला जाळी भेटतात. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. बुडालेल्या जाळ्यात अडकले की गुदमरते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून एक साधी योजना चालवली आहे: जाळ्यात संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याची भरपाई म्हणून त्याला २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. जखमी होऊन किनाऱ्याला लागलेल्या कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात तेथे येणाऱ्या कित्येक कासवांचे पाय टाकून दिलेल्या नायलॉन जाळ्यांनी कापलेले असतात.

जीवदयेच्या निधीला येथे जागा आहे, कारण कासवमित्राचे मानधन, जाळी, औषधे यांना पैसा लागतो. त्याहून मोठी जागा सौद्याच्या बैठकीत आहे. किनाऱ्यावरील जमिनीचे खरेदीदार, बांधकाम व्यावसायिक, हॉटेलमालक आणि त्यांना भांडवल पुरवणारे यांत जैन नावे थोडी नाहीत. गृहस्थाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत तळी-सरोवरे आटवण्याचा व्यवसाय आहे. जलचरांच्या निवाऱ्याचा विचार व्यापाराच्या नियमांत पूर्वाचार्यांनी केलेलाच होता. सातबारा पाहणाऱ्याने किनारी नियमन क्षेत्राचा नकाशाही पाहावा आणि त्या किनाऱ्यावर विणीची नोंद आहे का, हे वनविभागाला विचारावे. घर बांधायचेच तर वाळूचा उंचवटा आणि त्यावरच्या वेली सोडून मागे बांधता येते. समुद्राकडचे दिवे काढता येतात. अगदी हवेच असतील तर ते खाली झुकलेले, झाकलेले आणि पिवळसर-तांबड्या प्रकाशाचे लावता येतात. सूर्यास्तापूर्वी चोविहार करणाऱ्या कुटुंबाला समुद्रकाठी मध्यरात्रीपर्यंत जळणाऱ्या दिव्यांची गरज तशीही इतरांपेक्षा कमी.

ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लाला वयात यायला साधारण बारा-पंधरा वर्षे लागतात. वेळासच्या पहिल्या काही मोसमांत सोडलेल्या पिल्लांपैकी जी तगली असतील, ती आता अंडी घालू लागलेली असतील. यंदाच्या चैत्रात समुद्रात गेलेली मादी कोकणच्या वाळूकडे वळेल तेव्हा २०४० च्या आसपासचे एखादे वर्ष असेल, आणि आज ज्या जागांचे सौदे होत आहेत त्यांवरची घरे तोवर जुनी झालेली असतील.